धुंडिराजांचा काशीवास

काशीत श्रीविश्वनाथाच्या दर्शनास जाणारा यात्रेकरू ढुंढिराज गणपतीपुढे हात जोडतो. या गणपतीचे नाव महाराष्ट्रातही मुलांना ठेवण्याची प्रथा होती. असेच एक धुंडिराज ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वर येथे एका विद्वान शास्त्र्यांच्या घरी जन्मास आले. धुंडिराज गोविंद फाळके हे त्यांचे पूर्ण नाव. भारतीय चित्रपटाचे जनक दादासाहेब फाळके म्हणून सारा देश त्यांना ओळखतो. कीर्तीच्या शिखरावर असताना हेच दादासाहेब चित्रपटसृष्टीचा त्याग करून काशीस निघून गेले होते, ही गोष्ट मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. ते का गेले आणि परत का आले, हे समजून घेतले म्हणजे नवनिर्मिती करणाऱ्याला कोणत्या कसोट्यांतून जावे लागते, हे आपल्या ध्यानात येते.

दादासाहेबांची वृत्ती प्रथमपासूनच शोधक होती. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत आणि बडोद्याच्या कलाभवनात त्यांनी शिक्षण घेतले. चित्रकला, छायाचित्रण, ठसे तयार करणे, मुद्रण अशा अनेक विद्या त्यांनी आत्मसात केल्या. गोध्रा येथे त्यांनी छायाचित्रणाचा व्यवसाय आरंभिला. परंतु प्लेगच्या साथीत पत्नी व अपत्य यांचा वियोग झाला आणि तो व्यवसाय सुटला. पुढे त्यांनी पुरातत्त्व खात्यात नोकरी केली. लोणावळ्यास मुद्रणालय काढले आणि रंगीत छपाईची यंत्रे आणण्यासाठी १९०९ साली जर्मनीचा प्रवास केला. जादूचे प्रयोगही ते करीत. त्यासाठी त्यांनी आपल्या आडनावाची अक्षरे उलटसुलट करून 'प्रोफेसर केळफा' असे नाव घेतले होते. यांतील प्रत्येक विद्या त्यांना पुढे उपयोगी पडणार होती.

१९१०-११ च्या सुमारास गिरगावातील एका चित्रगृहात त्यांनी येशू ख्रिस्ताच्या जीवनावरील मूकपट पाहिला. पडद्यावर ख्रिस्त दिसत असताना त्यांच्या मनश्चक्षूंपुढे राम आणि कृष्ण उभे राहिले. त्या दिवसापासून त्यांना दुसरे काही सुचेना. रात्रंदिवस चित्रपट पाहून आणि प्रयोग करून त्यांची दृष्टी अधू झाली. उपचारांनी ती कशीबशी परत आली. विमा गहाण ठेवून १९१२ च्या फेब्रुवारीत ते लंडनला गेले. तेथे त्यांनी चित्रपटाचे तंत्र पाहिले, विल्यमसन कॅमेरा व अन्य सामग्री यांची व्यवस्था केली आणि एप्रिलच्या आरंभी ते मायदेशी परतले.

आता प्रश्न भांडवलाचा होता. जी वस्तू या देशात कोणी निर्माण केलेली नाही, तिच्यासाठी पैसा कोण देणार? दादासाहेबांनी युक्तिवाद करीत बसण्याऐवजी प्रत्यक्ष प्रमाणच पुढे ठेवले. कुंडीत वाटाण्याचे बी पेरून त्याची ठरावीक अंतराने चित्रे घेतली. अनेक दिवसांची वाढ काही क्षणांत पडद्यावर दिसू लागली, तेव्हा पाहणारे थक्क झाले आणि कर्ज मिळण्याचा मार्ग मोकळा झाला. त्यांच्या द्वितीय पत्नी सरस्वतीबाई यांनी आपले दागिनेही दिले. कच्च्या फिल्मच्या कडांना छिद्रे पाडण्यापासून सर्व मंडळींच्या स्वयंपाकापर्यंतची कामे त्या माउलीने केली. त्यांच्या श्रमांचा वाटा विसरून चालणार नाही.

पहिल्या चित्रपटासाठी दादासाहेबांनी राजा हरिश्चंद्राची कथा निवडली. सत्यासाठी राज्य सोडणाऱ्या आणि काशीच्या स्मशानात डोंबाची सेवा पत्करणाऱ्या या राजाचे नाव गंगेवरील एका घाटाला आजही आहे. या निवडीमागे जशी श्रद्धा होती, तशीच व्यवहारदृष्टीही होती. मूकपटाला वाणी नसते; परंतु जी कथा आबालवृद्धांना मुखोद्गत आहे, ती कळण्यास शब्दांची गरज भासत नाही. भिन्नभाषी देशात एकच कलाकृती सर्वत्र नेण्याचा हा उत्तम उपाय होता. चित्रपटात काम करण्यास स्त्रिया तयार होईनात. तेव्हा उपाहारगृहात काम करणाऱ्या अण्णा साळुंके या तरुणाकडून त्यांनी तारामतीची भूमिका करवून घेतली.

'राजा हरिश्चंद्र' सिद्ध होताच २१ एप्रिल १९१३ रोजी मुंबईच्या ऑलिंपिया चित्रगृहात निमंत्रित प्रतिष्ठितांसाठी त्याचा खास खेळ झाला. त्यामुळे चित्रपटाची चर्चा आधीच सुरू झाली. ३ मे १९१३ रोजी गिरगावातील कॉरोनेशन चित्रगृहात तो सर्वांसाठी प्रदर्शित झाला. परंतु प्रत्येक गावचा प्रेक्षक निराळा असतो. सुरतेस पहिल्या खेळाचे उत्पन्न अवघे तीन रुपये झाले, असे सांगतात. तेथील लोकांना थोड्या पैशांत कित्येक तासांचे नाटक पाहण्याची सवय होती. तास-दीड तासाच्या चित्रपटासाठी ते अधिक पैसे का मोजतील? दादासाहेबांनी तिकीट स्वस्त केले नाही. त्याऐवजी तीन आण्यांत सत्तावन्न हजार छायाचित्रे पाहावयास मिळतील, अशी जाहिरात केली. चित्रपटाची लांबी सुमारे ३,७०० फूट होती आणि एका फुटात सोळा चित्रे मावतात, हे लक्षात घेतले तर हा आकडा हवेतला नव्हता, हे दिसून येईल. खेळ तोच राहिला. बदलली ती त्याचे मोल मोजण्याची रीत. पुढे तेथे गर्दी होऊ लागली.

त्यानंतर दादासाहेबांनी आपले कार्य नाशिकला हलवले. 'मोहिनी भस्मासुर' या चित्रपटात दुर्गाबाई कामत व त्यांची कन्या कमलाबाई यांनी भूमिका केल्या. १९१७ सालच्या 'लंकादहन'ला प्रेक्षकांनी अलोट गर्दी केली. त्याच वर्षी 'नवयुग' मासिकात लेख लिहून त्यांनी आपले अनुभव लोकांपुढे ठेवण्यास आरंभ केला. चित्रपट कसा तयार होतो, हे दाखवणारा लघुपटही त्यांनी काढला. धंद्याचे मर्म झाकून ठेवण्यापेक्षा ते उघड करून लोकांचे कुतूहल वाढवावे, ही त्यांची रीत होती.

१९१८ साली धनिक भागीदारांच्या साहाय्याने 'हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी' स्थापन झाली. 'श्रीकृष्णजन्म' आणि 'कालियामर्दन' हे चित्रपट गाजले. 'कालियामर्दन'मध्ये त्यांची कन्या मंदाकिनी हिने बाळकृष्णाची भूमिका केली. यश वाढले, तसा भागीदारांशी मतभेदही वाढला. खर्चाला मर्यादा असावी, हे भागीदारांचे म्हणणे व्यवहाराला धरून होते. कलेच्या कामात कोणी हात घालू नये, हा दादासाहेबांचा आग्रहही त्यांच्या स्वभावाला धरून होता. दोन्ही बाजूंत काही तथ्य होते. म्हणूनच तो तंटा मिटला नाही. अखेर १९१९ साली दादासाहेब कंपनी सोडून सहकुटुंब काशीस गेले.

काशीत मराठी माणसाला परकेपणा वाटत नाही. पिढ्यान्‌पिढ्या तेथे राहणाऱ्या महाराष्ट्रीय शास्त्र्यांचे वाडे घाटांच्या आश्रयाने उभे आहेत. ज्या नगरीत हरिश्चंद्राने सर्वस्व गमावूनही सत्त्व राखले, त्याच नगरीत हरिश्चंद्राला पडद्यावर आणणारा हा कलावंत रित्या हातांनी आला. परंतु निर्मितीचा ध्यास त्यांना तेथेही स्वस्थ बसू देईना. तत्कालीन नाट्यव्यवसायावर टीका करणारे 'रंगभूमी' हे नाटक त्यांनी काशीतच लिहिले. पुढे ते रंगमंचावर आले. पण चित्रपटांसारखे यश त्याला लाभले नाही.

इकडे 'संदेश'कार अच्युतराव कोल्हटकर यांनी त्यांना परतण्याची विनंती केली. चित्रपटसृष्टीपुरते आपण मेलो आहोत, अशा आशयाचे उत्तर दादासाहेबांनी पाठवले. अच्युतरावांनी ते पत्र छापून टाकले. ते वाचून हळहळलेल्या रसिकांची पत्रे येऊ लागली आणि ती काशीस पोचती झाली. भागीदारांच्या पैशाने जे साधले नव्हते, ते या पत्रांनी साधले. दादासाहेब नाशिकला परतले आणि १९२२ च्या सुमारास पुन्हा कंपनीच्या कामात रुजू झाले.

पुढचा काळ सुखाचा नव्हता. बोलपट आले, खर्च वाढले, अभिरुची बदलली. १९३७ सालचा 'गंगावतरण' हा त्यांचा बोलपट अखेरचा ठरला. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिक येथे त्यांचे निधन झाले. १९६९ पासून त्यांच्या नावे दिला जाणारा पुरस्कार हा भारतीय चित्रपटक्षेत्रातील सर्वोच्च सन्मान मानला जातो.

आज करमणुकीची साधने पालटली आहेत. पडद्यावरील खेळ आता पाहणारा स्वतःच खेळतो आणि असे व्हिडिओ गेम निर्माण करणे हा जगातील एक मोठा उद्योग झाला आहे. तरीही नवे काही घडवणाऱ्यापुढील प्रश्न जुनेच आहेत: पैसा कोण देईल, लोकांना त्याचे मोल कसे पटेल आणि निर्मितीवर अधिकार कोणाचा? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे दादासाहेबांनी कल्पकतेने शोधली. तिसऱ्या प्रश्नाने त्यांना काशीस धाडले. तेथून त्यांना परत आणले ते मात्र तीन आणे मोजून त्यांचा खेळ पाहणाऱ्या सामान्य रसिकांनी.