बोस्टनचा जामीनदार

व्यसनाधीन आरोपींसाठी स्वतंत्र न्यायालये असावीत, अशी मागणी आपल्याकडे अधूनमधून होते. दाखला दिला जातो तो १९८९ साली मायामीत सुरू झालेल्या अमली पदार्थ न्यायालयाचा. इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला मात्र जवळपास दीडशे वर्षे मागे, जॉन ऑगस्टस या बोस्टनमधील जोडे शिवणाऱ्या कारागिराकडे जावेसे वाटते.

मद्यपानविरोधी चळवळीत रमलेला हा गृहस्थ १८४१ च्या ऑगस्टमध्ये पोलीस न्यायालयात बसला असता एका अट्टल मद्यप्याला उभे करण्यात आले. ऑगस्टसने त्याच्याशी दोन शब्द बोलून जामीन दिला. तीन आठवड्यांनी तोच इसम शुद्धीवर, नीटनेटका हजर झाला आणि तुरुंगाऐवजी एक सेंट दंड व खर्च यांवर सुटला. यात दयेपेक्षा पद्धत मोलाची होती. आरोपीचे वय, पूर्वायुष्य, संगत यांची चौकशी करूनच तो जामीन राही. मग निवारा, काम, मुलांना शाळा पाही आणि न्यायालयाला अहवाल देई. पुढे स्त्रिया आणि मुलेही त्याने सोडवली. १८५८ पर्यंत ही संख्या १,९४६ वर गेली.

त्याला विरोध झाला तो न्यायालयाच्याच कर्मचाऱ्यांकडून. प्रत्येक कैद्याला तुरुंगात पोहोचवण्याबद्दल त्यांना शुल्क मिळे, ते बुडू लागले. (सरकारी नोकरीत आयुष्य काढलेल्यांना याचे नवल वाटू नये.) वेतन त्याने कधी घेतले नाही, धंदा मात्र बसला. १८५९ मध्ये तो वारला. बोस्टनसाठी पगारी परिवीक्षा अधिकारी नेमण्याचा कायदा मॅसॅच्युसेट्सने केला, तो १८७८ साली.

आपला अपराधी परिवीक्षा कायदा १९५८ चा. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यातील कलम ३९ तर याहून नेमके आहे: सेवनाचा किंवा अल्प प्रमाणातील गुन्हा सिद्ध झालेल्या व्यसनीला त्याच्या संमतीने उपचारासाठी सोडता येते आणि वर्षाच्या आत त्याला उपचारांच्या परिणामाचा अहवाल न्यायालयात द्यावा लागतो. म्हणजे ऑगस्टसचे तीन आठवडे आपण वर्षभर लांबवून ठेवलेच आहेत. जिल्हादंडाधिकारी म्हणून कारागृहांना भेटी देताना मला किरकोळ चोरीतले व्यसनी तरुण पुन्हा पुन्हा आत आलेले दिसत. त्यांच्यामागे फिरणारा अधिकारी क्वचितच दिसे. नवी न्यायालये उभारण्यापूर्वी या कलमाखाली किती आदेश निघाले आणि देखरेखीला माणसे किती, एवढी माहिती उच्च न्यायालयांनी राज्यांकडून मागवावी.