कै. रमाबाई रानडे आणि त्यांचे सेवासदन

आपल्या मंडळाच्या खोलीत तीन शिवणयंत्रे आहेत आणि गेल्या पावसाळ्यापासून त्यांवर कापड झाकून ठेवलेले आहे, हे सर्व भगिनींना ठाऊकच आहे. वर्ग मोठ्या हौसेने सुरू झाला. पहिल्या आठवड्यात चौदा बायका आल्या, दिवाळीपर्यंत तिघी उरल्या आणि मग तोही बंद पडला. बायकांना शिकण्याची आवडच नाही, असे आपण सभेत म्हटले. म्हणणाऱ्यांत मीही होते. त्यानंतर कै. रमाबाई रानडे यांच्याविषयी थोडे वाचण्यात आले आणि माझे मलाच ते बोलणे खटकू लागले. म्हणून स्मरणिकेसाठी त्यांचीच हकिकत लिहीत आहे.

रमाबाईंचा जन्म २५ जानेवारी १८६२ रोजी देवराष्ट्रे या गावी कुर्लेकरांच्या घरी झाला. हे गाव आता सांगली जिल्ह्यात येते. माहेरचे नाव यमुना. त्या काळच्या मुलींप्रमाणे तिला अक्षरओळख नव्हती. १८७३ साली अकराव्या वर्षी तिचे लग्न महादेव गोविंद रानडे यांच्याशी झाले. रानड्यांची पहिली पत्नी नुकतीच वारली होती. वय एकतीस, हुद्दा न्यायाधीशाचा, आणि विधवाविवाहाचा पुरस्कार करणारा हा मनुष्य. त्यांनी एखाद्या विधवेशीच लग्न करावे, असे सुधारक मंडळींना वाटत होते. पण वडिलांच्या आग्रहापुढे त्यांचे चालले नाही. पुण्यात त्यावरून पुष्कळ टीका झाली. त्या टीकेचे उत्तर म्हणून नव्हे, पण लग्न होताच त्यांनी या लहान मुलीला पाटीवर अक्षरे गिरवायला लावली, आणि पुढे मराठीसाठी व इंग्रजीसाठी शिक्षिका ठेवल्या.

२०१२ साली टीव्हीवर लागणाऱ्या मालिकेमुळे ही लहान रमा घरोघरी माहीत झाली. घरातल्या वडीलधाऱ्या बायकांचा राग, टोमणे, अबोला, हे सारे आपण पाहिलेच आहे, तेव्हा ते मी पुन्हा सांगत बसत नाही. एकच गोष्ट सांगते. इंग्रजी शिकवायला मडमबाई येत. त्यांचा स्पर्श झाला म्हणून धडा संपल्यावर रमाबाईंनी स्नान केल्याशिवाय घरातल्या वस्तूंना हात लावायचा नाही, असा घरच्या बायकांचा नियम होता. अवेळी रोज थंड पाण्याने स्नान करून त्या आजारी पडल्या. शिकण्याची आवड असूनही घर कसे आडवे येते, हे त्यांनी आपल्या अंगावर सोसले होते. पुढच्या कामात ही आठवण त्यांच्या उपयोगी पडली असावी, असे मला वाटते.

पुढे पंडिता रमाबाई पुण्यात आल्या, आर्य महिला समाज निघाला, मुलींच्या हायस्कूलसाठी रमाबाईंनी गव्हर्नरसाहेबांपुढे इंग्रजीतून निवेदन वाचले, १८८४ साली हुजूरपागेची शाळा उभी राहिली. १८९३ मध्ये रानडे मुंबईच्या हायकोर्टात न्यायमूर्ती झाले आणि बिऱ्हाड मुंबईला गेले. १६ जानेवारी १९०१ रोजी न्यायमूर्ती वारले. रमाबाई तेव्हा अडतीस वर्षांच्या होत्या. पदरी मूल नव्हते. त्यांनी लिहिलेल्या आठवणींचे पुस्तक १९१० मध्ये निघाले. त्यात या घटनेपर्यंतचीच हकिकत आहे. वाचणारीला वाटावे की येथे बाईंचे आयुष्य संपले. माझ्या दृष्टीने ते येथे सुरू होते.

पुण्याला परतल्यावर वर्षभर त्या घराबाहेर पडल्या नाहीत. नंतर येरवड्याच्या तुरुंगातल्या स्त्री कैद्यांना भेटायला जाऊ लागल्या. इस्पितळात सणावाराला फळे, खाऊ घेऊन जाऊ लागल्या. १९०४ साली मुंबईस भरलेल्या भारत महिला परिषदेच्या त्या अध्यक्षा झाल्या. १९०८ मध्ये बेहरामजी मलबारी आणि दयाराम गिडुमल यांनी मुंबईत सेवासदन काढले, त्याच्याही अध्यक्षा रमाबाईच. आणि २ ऑक्टोबर १९०९ रोजी पुण्याचे सेवासदन सुरू झाले. जागा कोणती, तर रमाबाईंचा स्वतःचा वाडा. भारत सेवक समाजाचे गोपाळ कृष्ण देवधर हे त्यांचे चिटणीस. पैसा गोळा करणे, पत्रव्यवहार, हिशेब ही कामे देवधरांनी सांभाळली. बायका आणि त्यांच्या घरची माणसे रमाबाईंनी सांभाळली. पुण्यात सगळे त्यांना वहिनीसाहेब म्हणत.

या संस्थेत येणाऱ्या बायका शाळेच्या वयाच्या नव्हत्या. कुणी विधवा, कुणी नवऱ्याने टाकलेली, कुणी तुटपुंज्या मिळकतीच्या घरातली लेकुरवाळी. यांना अ आ पासून शिकवायचे आणि पुढे पोटापुरता धंदा हाती द्यायचा, असा बेत होता. तेव्हा बाईला अब्रूने पैसे मिळवून देतील अशी कामे थोडीच होती, पण ज्या कामांना माणूस मिळत नव्हते ती सेवासदनाने नेमकी हेरली. मुलींच्या शाळा वाढत होत्या आणि शिक्षिका मिळत नव्हत्या. म्हणून शिक्षिका तयार करण्याचा वर्ग. इस्पितळात हिंदू परिचारिका जवळजवळ नव्हत्याच. म्हणून १९११ पासून ससून इस्पितळात परिचारिकांचे शिक्षण. शिवाय शिवण, विणकाम, प्रथमोपचार.

परिचारिकेचे काम आज आपल्याला मानाचे वाटते. आपल्या भंडाऱ्याच्या किती मुली आज नागपुरात नर्स आहेत! पण त्या वेळी परक्या पुरुषाच्या अंगाला हात लावायचा, कोणत्याही जातीच्या माणसाचे मलमूत्र काढायचे, रात्रपाळीला घराबाहेर राहायचे, हे ऐकूनच उच्च म्हणवणाऱ्या घरांतून दारे बंद होत. वहिनीसाहेबांनी नुसते भाषण करून हे काम साधले नाही. त्या घरोघर जाऊन सासू-सासऱ्यांची, भावांची समजूत घालीत. न्यायमूर्ती रानड्यांच्या पत्नीने दारात यावे, याला वजन होते आणि त्यांनी ते वजन वापरले. मग शिकणाऱ्या बायकांसाठी वसतिगृहे काढली, म्हणजे मुलगी कुठे राहते, काय जेवते, ही घरच्यांची काळजी मिटली. डॉक्टरीचा अभ्यास करणाऱ्या मुलींचीही सोय केली. गरीब बाईला फी माफ, आणि जिला तेही पुरणार नाही तिला शिष्यवृत्ती. बाई शिकायला येत नाही ती का येत नाही, हे आधी पाहायचे आणि मग ती अडचण दूर करायची, अशी त्यांची रीत होती. रमाबाई वारल्या त्या सुमारास तेथे शिकणाऱ्या स्त्रियांची संख्या हजाराच्या घरात गेली होती.

हे वाचले तेव्हा मला आमच्या आळीतली एक सून आठवली. नाव सांगत नाही, पुष्कळजणी ओळखतील. नवरा अपघातात गेला, दोन लहान मुले, बारावी पास. दोन वर्षांच्या नर्सिंगच्या अभ्यासाला तिला प्रवेश मिळाला, फीही माफ झाली. आम्ही सगळ्यांनी पेढे खाल्ले. चौथ्या महिन्यात ती परत आली. बसचे भाडे रोजचे होते, धाकटीला ताप येई तेव्हा पाहायला कुणी नव्हते, आणि रोवणीच्या दिवसांत सासूला मजुरी सोडवत नव्हती. आता ती विड्या वळते. तिच्यात जिद्द नव्हती असे आम्ही तेव्हा म्हटले. भाड्याचे पैसे किती लागत होते, हे मात्र आमच्यापैकी एकीनेही विचारले नाही. मी तर शेजारीच राहते.

आणि आपला शिवणवर्ग? त्याची वेळ सकाळी अकराची होती. त्या वेळी विडी करणारी बाई पाने कापीत असते आणि शेतावर जाणारी बांधावर असते. वर्ग आपल्या सोयीने ठेवला होता, हे कबूल करायला हवे.

वहिनीसाहेबांची सगळीच कामे येथे सांगता येणार नाहीत. पंढरपूर, आळंदीच्या यात्रांत सेवासदनाच्या बायका यात्रेकरूंच्या मदतीला जात. पुणे नगरपालिका सक्तीचे प्राथमिक शिक्षण मुलांपुरतेच ठेवू पाहत होती, तेव्हा ते मुलींनाही लागू करावे म्हणून त्यांनी चळवळ केली. स्त्रियांच्या मताधिकारासाठीही त्या झटल्या. एक गोष्ट मात्र मनाला लागते. त्या रूढीशी उघड भांडण टाळीत, आणि त्यामुळे सुधारकांपैकी काहींना त्या फार सावकाश चालणाऱ्या वाटत. मला वाटते, सासूबाईंना दुखावून सून शिकायला आणता आली नसती. पण हे माझे मत आहे. आपल्या मंडळात यावर वाद होईल.

१९२४ साली रमाबाई वारल्या. देवधरांनी १९३५ पर्यंत, म्हणजे स्वतः जाईपर्यंत, काम चालवले. १९२७ मध्ये आपल्या नागपुरातही रमाबाई तांबे यांनी सेवासदन काढले. १९६२ मध्ये वहिनीसाहेबांच्या जन्मशताब्दीला सरकारने त्यांच्या चित्राचे टपाल तिकीट काढले.

या वर्षीच्या वर्गणीतून सहलीसाठी काही रक्कम बाजूला ठेवली आहे. ती बसच्या भाड्यासाठी द्यावी, असा अर्ज मी कार्यकारिणीकडे दिला आहे. शिवणवर्गाची वेळ संध्याकाळी साडेसातची करावी आणि लेकरे सांभाळायला आपल्यापैकी दोघींनी पाळीपाळीने बसावे, असेही त्यात लिहिले आहे. पहिल्या दोन आठवड्यांची पाळी माझी धरावी.