नामदार गोखले : मिठावरचा कर आणि मोफत शाळा



कर म्हटला की सर्वांच्या कपाळाला आठी पडते. पण कर कोणाकडून घ्यावा आणि कशावर खर्च करावा, हे आकडेवारीसह सरकारला विचारणारे थोर पुरुष म्हणजे नामदार गोपाळ कृष्ण गोखले. त्यांचा अल्प परिचय आम्ही येथे देत आहोत.

गोखल्यांचा जन्म ९ मे १८६६ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील कोतळूक येथे झाला. बालपण कागलला गेले. वडील लवकर वारले. थोरले बंधू गोविंदराव यांनी शिक्षण सोडून नोकरी धरली आणि १५ रुपये पगारातून दरमहा ८ रुपये धाकट्या भावाला पाठविले. त्या बळावर गोपाळराव १८८४ मध्ये बी. ए. झाले. पुढे ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात प्राध्यापक झाले. न्यायमूर्ती रानडे हे त्यांचे गुरू.

१९०२ मध्ये व्हाइसरॉयच्या कायदेमंडळात त्यांचे अंदाजपत्रकावर पहिले भाषण झाले. दुष्काळाने देश होरपळला असताना सरकारी तिजोरीत कोट्यवधींची शिल्लक होती. ही शिल्लक भरभराटीची खूण नसून जनतेकडून गरजेपेक्षा जास्त कर घेतल्याचा पुरावा आहे, असे त्यांनी दाखवून दिले. मीठ श्रीमंताला लागते तेवढेच गरिबालाही लागते, म्हणून त्यावरील कर गरिबाला अधिक जाचतो. तेव्हा तो मणामागे अडीच रुपये होता. गोखले दरवर्षी ही मागणी लावून धरीत. १९०३ मध्ये हा कर दोन रुपये, १९०५ मध्ये दीड आणि १९०७ मध्ये एक रुपया झाला.

कर कमी करा म्हणणाऱ्या याच गोखल्यांनी १९११ मध्ये स्वतः नव्या कराची वाट सुचविली. त्यांच्या विधेयकानुसार ६ ते १० वर्षांच्या मुलांना शाळा सक्तीची करण्याचा अधिकार नगरपालिका व स्थानिक मंडळांना मिळणार होता. त्यासाठी त्यांना शिक्षणपट्टी बसविता येणार होती. दरमहा १० रुपयांपर्यंत उत्पन्न असलेल्या पालकांना फी माफ होती. खर्च कोण सोसणार, लोक नवा कर देतील काय, असे आक्षेप आले. मार्च १९१२ मध्ये ३८ विरुद्ध १३ मतांनी विधेयक नामंजूर झाले. १९ फेब्रुवारी १९१५ रोजी, अवघ्या ४८ व्या वर्षी, गोखले निवर्तले.

तेव्हा आपला बीदर जिल्हा निजामाच्या राज्यात होता. ते विधेयक मंजूर झाले असते, तरी कमठाण्याच्या मुलांना लागू झाले नसते. पण विचार मरत नाही. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. २००४ मध्ये केंद्र सरकारने करांवर शिक्षण उपकर बसविला आणि २००९ च्या कायद्याने ६ ते १४ वर्षांच्या प्रत्येक बालकास शिक्षणाचा हक्क मिळाला.

मुलांनो, सरकारी शाळांतील मोफत पुस्तके आणि दुपारचे जेवण जनतेच्या करांतूनच येते. त्यात तुमच्या आईवडिलांच्या घामाचा पैसा आहे. म्हणून शाळा बुडवू नका. पालकांनी कर अवश्य भरावा, आणि त्याचा हिशेबही ग्रामसभेत निर्भयपणे विचारावा. गोखल्यांना हीच खरी आदरांजली ठरेल, असे आम्हांस वाटते.