यंत्रापाशी उभ्या माणसाचे कैवारी : नारायण मेघाजी लोखंडे

बंगळूरच्या चिकपेटेत कापडाचा व्यापार पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. मराठी बोलणारी अनेक शिंपी व भावसार कुटुंबे याच कापडावर जगली, वाढली. दुकानात उलगडलेला तागा डोळ्यांना सुखवितो. परंतु त्याचे सूत कातताना कोणाचे बोट गेले, कोणाचा श्वास कोंडला, हे त्याच्यावर कोठेही लिहिलेले नसते. ते जगापुढे मांडण्याचे कार्य ज्यांनी आरंभिले, त्यांत नारायण मेघाजी लोखंडे यांचे नाव अग्रभागी आहे.

लोखंडे यांचा जन्म १८४८ साली ठाणे येथे झाला. त्यांचे मूळ गाव पुणे जिल्ह्यातील कन्हेरसर. शिक्षणानंतर रेल्वे व टपाल खात्यात काही काळ नोकरी करून ते मुंबईच्या मांडवी भागातील एका कापडगिरणीत भांडारपाल झाले. गिरणीचे जग त्यांनी तेथे जवळून पाहिले. कामगार पहाटेपासून सूर्यास्तापर्यंत राबत. फिरते पट्टे व दातेरी चाके पुष्कळदा उघडीच असत, आणि हवेत कापसाची धूळ तरंगत असे. या धुळीने जडणाऱ्या फुप्फुसविकाराला वैद्यकाने पुढे बिसिनोसिस असे नाव दिले. यंत्रात हात सापडला, तर त्या हाताबरोबर मजुरीही जात असे.

१८८१ च्या पहिल्या कारखाना कायद्याने सात वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास बंदी केली आणि धोक्याच्या यंत्रांभोवती कठडे घालण्याची तरतूद केली. मात्र शंभरांहून कमी माणसांचे कारखाने त्याच्या कक्षेबाहेर राहिले, आणि प्रौढ कामगारांच्या कामाच्या तासांना त्याने हातही लावला नाही. महात्मा जोतीराव फुले यांच्या सत्यशोधक विचारांत घडलेल्या लोखंडे यांनी १८८० पासून ‘दीनबंधु’ पत्राची धुरा वाहून या अन्यायाला वाचा फोडली.

सरकारने नेमलेल्या आयोगापुढे कामगारांचे म्हणणे जावे, म्हणून सप्टेंबर १८८४ मध्ये त्यांनी मुंबईत सभा भरविल्या. सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज तयार झाला. आठवड्यास एक सुटी, दुपारी अर्धा तास विश्रांती आणि वेळेवर पगार या मागण्या त्यात होत्याच. परंतु सर्वांत दूरदृष्टीची मागणी निराळी होती. कामावर जखमी झालेल्यास बरा होईपर्यंत पूर्ण वेतन मिळावे, आणि जो जन्माचा अपंग होईल त्याच्या निर्वाहाची सोय व्हावी, असे त्या अर्जात मागितले होते. अपघात हा कामगाराच्या नशिबाचा भोग नसून धंद्याची जबाबदारी आहे, हा विचार त्यामागे होता. विश्रांतीची मागणीही याच विचाराशी जोडलेली होती, कारण थकलेला हात यंत्रात लवकर सापडतो.

२४ एप्रिल १८९० रोजी मुंबईत सुमारे दहा हजार कामगारांची सभा झाली. तीत दोन स्त्री-कामगारही बोलल्या. त्याच वर्षी १० जूनला गिरणीमालकांच्या संघाने रविवारची सुटी मान्य केली. १८९० च्या कारखाना आयोगाच्या कामात लोखंडे यांचाही सहभाग होता. त्यानंतर आलेल्या १८९१ च्या कायद्याने साप्ताहिक सुटी व दुपारची विश्रांती यांना कायद्याचे बळ दिले, स्त्रियांच्या कामाचे तास अकरांवर आणले आणि पन्नास माणसांचे कारखानेही कक्षेत घेतले.

१८९५ मध्ये त्यांना रावबहादूर हा किताब मिळाला. पुढे मुंबईत प्लेगची साथ आली, तेव्हा ते रुग्णांच्या सेवेत उतरले. त्याच साथीने ९ फेब्रुवारी १८९७ रोजी त्यांचा बळी घेतला. रोग्यांपासून दूर राहणे त्यांना शक्य होते. त्यांनी ते केले नाही.

जखमी कामगाराला भरपाई देणारा कायदा या देशात १९२३ साली झाला. अर्जावर सह्या करणाऱ्या हजारोंपैकी कितीतरी जण तोवर हयात नव्हते. आज कोणत्याही कारखान्यात चाकाभोवती कठडा दिसतो, धूळ शोषून घेणारी योजना दिसते, अपघाताची नोंद ठेवलेली दिसते, तेव्हा त्यामागे त्यांच्या सह्या आहेत याचे स्मरण विद्यार्थ्यांनी ठेवावे. कापड विकणाऱ्या व शिवणाऱ्या घरांतील मुलांनी तर ते अगत्याने ठेवावे.