आगस्तिनो बास्सी : रेशीमकिड्यांच्या रोगाचा शोध

आपल्या सुलतान बाजारात रेशमी साड्यांची दुकाने तुम्ही पाहिली असतील. ते रेशीम देणाऱ्या किड्याच्या एका रोगापायी आगस्तिनो बास्सी यांनी आयुष्याची पंचवीसहून अधिक वर्षे वेचली.

बास्सी यांचा जन्म १७७३ साली उत्तर इटलीत, लोदी शहराजवळ झाला. पाव्हिया विद्यापीठात ते कायदा शिकले, पण ओढ विज्ञानाची. म्हणून स्पालान्झानी या नामवंत शास्त्रज्ञाची व्याख्यानेही ते आवडीने ऐकत. पुढे सरकारी नोकरी लागली; परंतु डोळे अधू झाल्याने ती सोडून ते शेतीकडे वळले.

त्या भागात घरोघरी तुतीच्या पाल्यावर रेशीमकिडे पाळत. त्यांच्यावर एक विचित्र रोग पडे. किडा मरून कडक होई आणि चुना फासल्यासारखा पांढरा दिसे. कुटुंबाची वर्षाची कमाई आठवडाभरात जाई! रोग आपोआप उद्भवतो, असा सर्वांचा समज होता. १८०७ च्या सुमारास बास्सी यांनी या कामाला हात घातला, तेव्हा त्यांनाही तसेच वाटे. त्यांनी किड्यांना वाईट अन्न दिले, कोंदट हवेत ठेवले, नाना उपाय केले. किडे मेले, पण तो रोग काही होईना. काही वर्षांनी ते पार निराश झाले.

पण काम सोडले नाही. शेवटी त्यांना दिसले, की मेलेल्या किड्यावरची पांढरी भुकटी निरोगी किड्याला लागली की त्यालाही रोग होतो. ही भुकटी म्हणजे बुरशीचे बीजाणू. शिळ्या पोळीवर बुरशी येते ना, त्यातलाच हा प्रकार. मात्र ही वाढते जिवंत किड्यावर. बीजाणू त्वचेवर रुजतो, त्वचा भेदून आत शिरतो आणि किड्याचे शरीर व्यापतो. १८३५ साली बास्सी यांनी हे पुस्तकरूपाने मांडले. खोल्या व भांडी क्षाराच्या पाण्याने धुवा, रोगी किडे वेगळे काढा, असे उपायही सांगितले. २०२० मध्ये कोरोनाच्या काळात आपण दुसरे काय केले?

माणसाचे अनेक रोगही अशाच सूक्ष्म जीवांमुळे होत असावेत, असे त्यांनी लिहून ठेवले. पाश्चर यांनी रेशीमकिड्यांच्या रोगांवर काम सुरू केले ते १८६५ साली, तीस वर्षांनंतर. तरी आपल्याला पाश्चर यांचे नाव पाठ असते आणि बास्सी यांचे ठाऊकही नसते, हे काही बरोबर नाही. दृष्टी जवळजवळ गेलेली असताना १८५६ साली लोदी येथे त्यांचे निधन झाले.

त्या बुरशीला त्यांचेच नाव मिळाले, बिव्हेरिया बॅसियाना. किडा मारणारी बुरशी पिकावरच्या किडींवर का सोडू नये, हा विचार पुढे आला. १८७९ साली मेचनिकॉफ यांनी ओडेसाजवळ गव्हावरील भुंगेऱ्यांवर मेटारायझियम ही दुसरी बुरशी वापरून पाहिली. आज महाराष्ट्रात उसाच्या हुमणीसाठी शेतकरी तीच वापरतात, आणि पांढरी माशी, अळ्या यांच्यासाठी बिव्हेरिया. पालकांपैकी कोणाची गावाकडे शेती असेल, तर कृषी सेवा केंद्रातल्या पुड्यावर हे नाव त्यांनी वाचले असेल. तुतीच्या बागेजवळ मात्र ही बुरशी फवारत नाहीत; रेशीमकिड्याला ती आजही तितकीच घातक आहे.