रामन आणि त्यांचे हिरे

चंद्रशेखर वेंकट रामन यांचे नाव निघाले की शाळकरी मुलालाही समुद्राचा निळा रंग आणि नोबेल पारितोषिक आठवते. या माणसाला हिऱ्यांचे वेड होते, ही गोष्ट मात्र क्वचितच सांगितली जाते. हे वेड श्रीमंतीचे नव्हते. रत्न अंगावर कसे शोभेल यापेक्षा त्याच्या पोटात शिरलेला प्रकाश काय करतो, हा प्रश्न त्यांना छळीत असे. आज कुडीतला खडा हिरा आहे की नाही, याचा निवाडा रत्नपरीक्षेच्या प्रयोगशाळा ज्या वर्णपटावरून करतात तो वाचायला जगाला रामन यांनी शिकविले. आणि हिऱ्याविषयीचा त्यांचा स्वतःचा सिद्धान्त मात्र चुकला. या दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी ठेवल्यावाचून त्यांचे चरित्र पुरे होत नाही.

त्यांचा जन्म ७ नोव्हेंबर १८८८ चा, तिरुचिरापल्लीचा. वडील गणित आणि पदार्थविज्ञान शिकवीत. मद्रासहून १९०७ साली एम. ए. होऊन रामन सरकारच्या अर्थखात्यात अधिकारी झाले आणि दहा वर्षे त्यांनी हिशेब तपासले. मधल्या काळात बदलीच्या हुकमाने ते रंगूनला गेले, नागपूरलाही येऊन गेले. कलकत्त्यात असताना कचेरीपूर्वी सकाळी आणि कचेरी सुटल्यावर रात्री, बहूबाजारातील महेंद्रलाल सरकार यांच्या विज्ञानसंस्थेत त्यांचे प्रयोग चालत. दिवसभर फायलींत मान घालून बसणाऱ्यांनी हा तपशील ध्यानात ठेवावा. १९१७ साली त्यांनी ती भरभक्कम पगाराची नोकरी सोडली व कमी पगारावर कलकत्ता विद्यापीठात पालित प्राध्यापकपद पत्करले.

१९२१ साली युरोपातून परतताना ‘नारकुंडा’ बोटीवर भूमध्य समुद्राच्या निळाईने त्यांना गाठले. पाण्याचा हा रंग आकाशाच्या प्रतिबिंबाचा नसून पाण्याचे रेणू प्रकाश विखुरतात त्यामुळे आहे, असे मांडणारे टिपण बोट मुंबई बंदरात लागली तेव्हा तयार होते. पुढची सात वर्षे विखुरणाऱ्या प्रकाशाच्या पाठलागात गेली. २८ फेब्रुवारी १९२८ रोजी, के. एस. कृष्णन यांच्या साथीने केलेल्या प्रयोगांतून, ज्याला आज आपण रामन परिणाम म्हणतो तो हाती आला.

एका रंगाचा किरण पदार्थावर टाकला तर विखुरलेला बहुतेक प्रकाश त्याच रंगाचा असतो. परंतु त्यातला अत्यल्प भाग रंग बदलून येतो. पदार्थातील अणूंच्या कंपनांना तो काही ऊर्जा देतो किंवा त्यांच्याकडून घेतो. ही कंपने ज्या त्या पदार्थाची स्वतःची असल्यामुळे वर्णपटात उमटणाऱ्या नव्या रेषा म्हणजे त्या पदार्थाचा जणू अंगठ्याचा ठसाच. त्याच सुमारास मॉस्कोत लांड्सबर्ग आणि मांडेलश्टाम यांनाही हीच गोष्ट क्वार्ट्झच्या स्फटिकात दिसली होती, हेही न्यायाने नोंदविले पाहिजे.

१९३० साली, म्हणजे रामन यांच्या नोबेलच्याच वर्षी, सी. रामस्वामी यांनी हिऱ्याचा असा ठसा घेतला. तो विलक्षण साधा निघाला: दर सेंटिमीटरला १३३२ तरंगांइतकी सरकलेली एकच ठळक रेषा. रामन यांना हिऱ्याने जे धरले ते पुढे सोडले नाही. १९३३ साली ते बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेचे संचालक झाले. तेथे त्यांनी शेकडो हिरे जमविले, पन्नाच्या खाणींकडे लक्ष ठेवले; मोती, शिंपले, ओपल, लॅब्राडोराइट यांच्या रंगछटांचाही पिच्छा पुरविला.

आणि येथेच त्यांचा हट्ट आडवा आला. हिटलरच्या जर्मनीतून परागंदा झालेल्या माक्स बॉर्न यांना रामन यांनीच १९३५ साली बंगलोरला बोलाविले होते. त्यांना कायमचे ठेवून घेण्याची त्यांची धडपड संस्थेतील विरोधापुढे फसली. पुढे याच बॉर्नशी स्फटिकातील कंपनांवरून त्यांचा कडवा वाद जुंपला. स्फटिकाला मोजकीच ठराविक कंपने असतात, असा रामन यांचा दावा होता, आणि आर. एस. कृष्णन यांनी घेतलेल्या हिऱ्याच्या वर्णपटातील तीक्ष्ण रेषा ते पुराव्यादाखल दाखवीत. काळाने कौल बॉर्न यांना दिला. काही हिरे अतिनील प्रकाश अडवितात, काही तो जाऊ देतात. हा भेद रचनेचा आहे, हेही रामन यांचे मत टिकले नाही. १९५९ साली कैसर आणि बाँड यांनी तो हिऱ्यात शिरलेल्या नायट्रोजनचा असल्याचे दाखविले. रामन यांनी माघार घेतली नाही. थोर माणसाची ही उणीव झाकण्याचे कारण नाही. शिष्यांना तिची किंमत मोजावी लागते.

लेसर १९६० साली आला आणि तासन्‌तास चालणारी छायाचित्रे काही क्षणांवर आली. आता ५३२ नॅनोमीटरचा हिरवा किरण खड्यावर टाकावा, सुमारे ५७३ नॅनोमीटरपाशी ती जुनी रेषा दिसली की खडा हिराच. दागिना मोडावा लागत नाही, कोंदणातून खडा उपटावा लागत नाही. उष्णता मोजणाऱ्या साध्या उपकरणाला मॉइसनाइट सहज चकवितो. येथे मात्र त्याची रेषा ७८८ च्या आसपास वेगळी उमटते आणि सोंग उघडे पडते. पाचूच्या भेगांत भरलेली राळही अशीच पकडली जाते.

परंतु प्रयोगशाळेत वाढविलेला हिरा समोर आला की ही रेषा मुकी होते, कारण तोही अस्सल कार्बनच. तेव्हा पारखी दुसऱ्या वर्णपटांकडे वळतात आणि प्रथम नायट्रोजन शोधतात. बहुतेक खाणीच्या हिऱ्यांत तो असतो, वायूपासून वाढविलेल्यांत जवळजवळ नसतो. म्हणजे हिऱ्यांच्या ज्या भेदाचे उत्तर रामन चुकले, त्याच भेदापासून आजच्या पारखीची ही चौकशी सुरू होते.

२१ नोव्हेंबर १९७० रोजी बंगलोरला ते निवर्तले. स्वतः उभारलेल्या संस्थेत ते पाहुण्यांना एका अंधाऱ्या खोलीत नेत आणि अतिनील दिवा लावीत. फळीवरची अनाकर्षक दगडांची रांग मग हिरव्या, निळ्या, तांबड्या उजेडाने पेटून उठे.