बिल क्लेम : मातीत रेघ ओढणारे पंच

खेळाच्या तासाला आऊट की नॉट आऊट यावरून अर्धा तास जातो, हे आपण सगळेच बघतो. म्हणून आज एका पंचाची ओळख. खेळ बेसबॉल, देश अमेरिका.

बिल क्लेम यांचा जन्म २२ फेब्रुवारी १८७४ रोजी न्यूयॉर्क राज्यातल्या रोचेस्टर इथे झाला. आधी खेळाडू व्हायचं होतं, ते जमलं नाही. पूल बांधण्याच्या कामावरही राबले. १९०२ मध्ये छोट्या लीगमध्ये पंच झाले आणि १९०५ पासून नॅशनल लीगमध्ये.

त्या काळी पंचाची नोकरी म्हणजे शिव्या खाण्याची नोकरी! संघाचा मॅनेजर धावत मैदानात यायचा आणि तोंडाजवळ तोंड नेऊन ओरडायचा. तेव्हा बेसबॉलमध्ये धावणारा बाद आहे की नाही हा पंचाच्या नजरेचा निर्णय असे, त्यावर वाद चालत नसे. नियमच चुकीचा लावला असेल तर मॅनेजरनं दाद मागावी. पण भडकलेल्या माणसाला हे कोण सांगणार?

क्लेम यांची पद्धत साधी होती. वाद लांबला की बुटाच्या टोकानं मातीत एक रेघ ओढायची आणि पाठ फिरवून चालू लागायचं. रेघ ओलांडली की माणूस मैदानाबाहेर. (शाळेच्या सामन्यांत काही पालकांसाठीही अशी रेघ हवी, असं वाटतं कधीकधी.) त्यांना कुणी 'कॅटफिश' म्हणून चिडवलं तरी ते बाहेर काढत. हा मात्र हट्टीपणाच म्हणायचा.

न्यूयॉर्क जायंट्सचे मॅनेजर जॉन मॅग्रॉ यांनी नोकरी घालवण्याची धमकी दिली, तरी क्लेम हलले नाहीत. पैशाचंही तसंच. १९०८ मध्ये जायंट्स आणि शिकागो कब्स यांच्या निर्णायक सामन्याआधी त्यांना आणि जोडीदार पंच जॉनस्टोन यांना २,५०० डॉलरची लाच देऊ केली गेली. दोघांनी ती नाकारली आणि वरिष्ठांना कळवलं.

तब्बल १८ वर्ल्ड सिरीजमध्ये ते पंच होते. १९४१ मध्ये एका सामन्यात त्यांनी धावणाऱ्याला बाद दिलं. खेळाडूनं वाद घातला, नेहमीसारखाच. क्लेम पाठ फिरवून निघाले आणि चालता चालता त्यांच्या लक्षात आलं, की चेंडूचा स्पर्श झाला असं आपल्याला फक्त वाटतंय, शंभर टक्के खात्री नाही. इतक्या वर्षांत असं पहिल्यांदाच होत होतं. त्यांनी मैदानावरचं काम सोडलं.

१९५१ मध्ये ते वारले. दोन वर्षांनी 'हॉल ऑफ फेम'मध्ये टॉमी कॉनोली यांच्यासोबत त्यांची निवड झाली. तिथे पोचलेले हे पहिले दोन पंच.